सोमवारचा बाण

बाजारातल्या माणसांत तिचं नाव बाणवाली पडलं होतं. शेअरच्या चार्टवर भावाच्या रेषेखाली हिरवा किंवा वर तांबडा असा एक छोटा बाण उगवतो, बघणाऱ्याला घे किंवा विकून टाक म्हणून सांगतो. तो बाण कुठे उगवावा याचा हिशेब ती कोडमध्ये लिहून द्यायची. त्या हिशेबाला इंडिकेटर म्हणतात. तिच्याकडे येणाऱ्यांना साधा इंडिकेटर नको असायचा. पंधरा मिनिटांच्या चार्टवर बसून त्यांना दिवसाचाही कल हवा असायचा आणि आठवड्याचाही. पाऊल टाकताना पायाखालचा दगड दिसायला हवा आणि डोंगराचा उतारही दिसायला हवा, असं ते मागणं. एकाच खिडकीतून तीन अंतरांवरचं बघायचं काम.

दोन खोल्यांची जागा होती, चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानाच्या वर. खाली चाकावर चावी घासली जायला लागली की फोनवर बोलणं थांबवावं लागे. गिऱ्हाइकांना वाटे बाई विचार करतायत. टेबलावर दोन स्क्रीन. एकाच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक मेलेली जांभळी रेघ होती. नवीन माणूस हटकून विचारायचा, "ही रेघ कसली?" ती म्हणायची, "ती माझी आहे. बाजाराची नाही." पूर्वी ती एका विमा कंपनीत कोड लिहायची. कंपनी दुसऱ्या शहरात गेली, ही राहिली, कारण घरात बाबा होते.

चार्टवरच्या प्रत्येक उभ्या कांडीला कँडल म्हणतात. ठरावीक वेळात भाव कुठून निघाला, कुठवर चढला, कुठवर उतरला आणि शेवटी कुठे थांबला, हे सगळं एका कांडीत मावतं. आठवड्याचीही अशी एक कांडी असते, पण आठवडा संपेपर्यंत ती ओली असते. सोमवारी तिचा आकार एक, बुधवारी दुसरा. बाजाराचा आठवडा बंद होताना जो आकार उरतो तोच खरा. लबाडीला जागा इथेच. जुना चार्ट काढून बघताना आठवड्याचा शेवट संगणकाला आधीच ठाऊक असतो. लिहिणाऱ्याने एक ओळ चुकीची लिहिली की तो शेवट सोमवारच्या कांडीला चिकटतो. मग मागचे सगळे बाण कसे अगदी जागच्या जागी दिसतात. भाव कोसळायच्या आधी तांबडा, चढायच्या आधी हिरवा. बघणाऱ्याचे डोळे दिपतात, पाकीट उघडतं. चालू बाजारात मात्र सोमवारी तिथे काहीच उगवत नाही. आठवडा संपल्यावर बाण गुपचूप मागे जाऊन सोमवारच्या जागी बसतो, जणू काही तो तिथे होताच.

तिचा नियम एकच होता. बंद झालेल्या कांडीवरच बोलायचं. त्यामुळे तिचे बाण उशिरा यायचे आणि दिसायला गबाळे असायचे.

"उशिरा सांगणाऱ्याकडे कोण गं येतं?" बाबा विचारायचे.

"ज्याला आधी कुणीतरी फसवलंय तो येतो."

"म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात चटका खाल्ला की माणूस तुझ्याकडे मलम मागायला. मग त्या दुसऱ्याला कमिशन देत जा. तो आहे म्हणून तुझी चूल पेटते."

बाबा शर्टांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कापडाच्या थप्पीवर कात्री चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि त्या कात्रीने उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. निवृत्त झाल्यावर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत. मुलीच्या कामातलं त्यांना काही कळत नसे आणि त्याची त्यांना लाज वाटत नसे. कँडल हा शब्द त्यांनी कधीच मेणबत्तीवर आणून ठेवला होता. वीज गेली की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "मेणबत्तीबाई, एवढ्या मेणबत्त्या जमवल्यात, एक तरी पेटवा आता."

मोठी मुलगी, ताई, दूरच्या शहरात शाळेत शिकवायची. तिने तरुणपणी आपल्या मनाने लग्न केलं होतं. बाबा तेव्हा काहीतरी बोलून गेले, तीही काहीतरी बोलून गेली, आणि त्यानंतर दोघांचं बोलणं धाकटीच्या तोंडून चालायचं. "तिला म्हणावं, खोकल्याकडे लक्ष दे." "त्यांना म्हणावं, गोळ्या वेळेवर घ्या." दोघंही एकाच कापडातून कापलेली. कधीकधी धाकटी वैतागायची, "मी काय टपाल आहे का तुमचं?" बाबांचं हृदय कुरकुरायला लागल्यावर ताईने त्यांच्यासाठी मनगटावर बांधायचा पट्टा पाठवला, ठोके मोजणारा. बाबांनी तो उलटसुलट करून बघितला.

"एवढं प्रेम आहे तर स्वतः येऊन नाडी बघ म्हणावं."

"सांगू असं?"

"नको. सांगू नकोस." आणि पट्टा बांधला. आंघोळीपुरता काढायचे, पुन्हा बांधायचे. बांधताना दातांनी टोक धरायचे.

तिच्या गिऱ्हाइकांत एक दातांचे डॉक्टर होते. हात थरथरायला लागला म्हणून त्यांनी दवाखाना बंद केला होता. थरथरत्या हाताने चार्ट मात्र बघता येतो. ते एकदा लॅपटॉप छातीशी धरून जिना चढून आले.

"बाई, हा बघा. वर्षभरात एकही बाण चुकलेला नाही. एकही! विकणारा म्हणतो, तुम्ही फक्त बाणामागे जा."

"डॉक्टर, तुम्ही काढलेल्यातला एकही दात दुखला नाही, असं कधी झालंय?"

"नाही."

"मग हा कोण लागून गेलाय?"

आतून बाबांचा आवाज आला, "डॉक्टर, माझी कवळी बसत नाही हो. त्यावर एखादा बाण आहे का?"

"तुमची कवळी मी केलेली नाही," डॉक्टर खिडकीकडे बघून म्हणाले. "म्हणून बसत नाही."

तिने लॅपटॉप ओढला आणि रिप्ले लावला. रिप्लेमध्ये चार्ट मागच्या एखाद्या दिवशी नेऊन उभा करायचा, पुढचं सगळं झाकून टाकायचं आणि एकेक कांडी उघडत जायचं, त्या त्या वेळी माणसाला जेवढं दिसत होतं तेवढंच दाखवत. तिने तो एका जुन्या सोमवारी नेला. डॉक्टरांना त्या दिवशीचा तांबडा बाण पाठ होता. कांड्या एकामागून एक येत गेल्या. सोमवार गेला, मंगळवार गेला. बाण आला नाही. भाव कोसळून आठवडा बंद झाला तेव्हा मागे, सोमवारच्या डोक्यावर, तो टपकन येऊन बसला.

डॉक्टरांनी त्या बाणावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "हा आत्ता आला."

"हो."

"आणि उद्या मी बघेन तेव्हा मला वाटेल की तेव्हाच आला होता."

"त्याचेच पैसे घेतात ते."

त्यांनी तिच्याकडून आपला इंडिकेटर लिहून घ्यायचं ठरवलं, उशिराचा का होईना. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "तुम्ही फार कठोर आहात, बाई. माणसाला जरा खोटं बघायला मिळालं तर बरं वाटतं." मग स्वतःशीच हसले आणि कठड्याला धरून उतरले.

त्या कामाच्या आठवड्यातच बाबा गेले.

सोमवारी त्यांनी जेवण अर्धं टाकलं. "अंगात कापूस भरल्यासारखं वाटतंय," म्हणाले. तिने कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मंगळवारी ते खाली चावीवाल्याशी पत्ते खेळून आले आणि जिंकलो म्हणून सांगत होते. बुधवारी दुपारी जरा जास्त झोपले. तिचं तोंड स्क्रीनमध्ये होतं. गुरुवारी सकाळी दम लागला, बसवेना, झोपवेना. चावीवाला धावत वर आला. त्याने आणि तिने मिळून त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं. शुक्रवारी दुपारी रुग्णालयातल्या परिचारिकेने त्यांच्या मनगटावरचा पट्टा काढून तिच्या हातात दिला. नीट, वळकटी करून, जशी एखादी वस्तू विकत घेतल्यावर देतात तशी.

गुरुवारी फोन गेला होता, पण रात्रीच्या गाडीत ताईला जागा मिळाली नाही. ती शुक्रवारी संध्याकाळी पोचली. रुग्णालयाच्या जिन्यावर ती सगळ्यांना ओलांडून वर धावत होती, आणि वर धावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

सगळं उरकल्यावर दोघी घरी बसल्या. माणूस गेलेल्या घरात दिवसाही दिवा लावावासा वाटतो, तसा लावलेला होता. ताई खुर्चीकडे न बघता बोलत होती.

"काहीच कळलं नाही तुला? आधी?"

"सोमवारी म्हणाले, कापूस भरल्यासारखं वाटतंय."

"आणि तू?"

"ताप बघितला."

"ताप!" ताई उठून उभी राहिली. "पट्टा कशाला पाठवला होता मी? दिवसभर रेघा बघतेस ना तू? लोकांच्या पैशाच्या रेघा बरोबर दिसतात. घरातल्या माणसाची रेघ बघायला काय झालं होतं?"

ती उठली आणि तिला जे एकच काम येत होतं ते करायला बसली. पट्ट्याने फोनमध्ये साठवलेले सगळे ठोके तिने फाइलमध्ये उतरवले आणि भाव म्हणून चार्टवर चढवले. पंधरा मिनिटांची कांडी, वर दिवसाची, वर आठवड्याची. हृदयाची रेषा बाजाराच्या रेषेसारखीच दिसत होती, तशीच उठतबसत जाणारी. बाजारातल्या शेअरसाठी दिवसाच्या आणि आठवड्याच्या कांड्या प्रोग्राम स्वतः पुरवतो. इथे त्या नव्हत्या. आठवड्याचा आकडा काढून तो त्या आठवड्यातल्या प्रत्येक कांडीला जोडणारा छोटासा तुकडा तिने तिथल्या तिथे लिहिला. ताई पाठीमागे उभी होती. तिचा श्वास मानेला लागत होता. दोन्ही कल एकाच दिशेने वळले की बाण, एवढाच हिशेब. तिने कळ दाबली.

सोमवारी सकाळी, बाबांच्या शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच, तांबडा बाण होता. गेल्या कित्येक महिन्यांत तेवढा एकच.

"हा काय?" ताईने विचारलं.

"बाण."

"म्हणजे दिसत होतं."

"हो," ती म्हणाली. "सोमवारीच दिसत होतं."

दुसरं कुणी हा चार्ट घेऊन आलं असतं, तर तिने पहिल्यांदा रिप्ले लावला असता. इतका नेमका बाण बघितला की तिच्या कपाळावर आठी पडायची. त्या दिवशी पडली नाही. बाण तिच्यावरच रोखलेला होता, आणि आपल्यावर जे रोखलेलं असतं ते माणूस चटकन खरं मानतं.

ताई दुसऱ्या दिवशी गेली. निघताना जिन्यात एवढंच म्हणाली, "सोमवारी एक फोन केला असतास, तर मंगळवारी मी इथे असते." मग बरेच महिने कामापुरते निरोप. गॅसचं नाव बदललंस का. बँकेत जाऊन आलीस का. खाली तिचं नावही नसे.

मग एका रविवारी ताईचा फोन आला. आवाज धुतल्यासारखा होता. "मी खूप विचार केला," ती म्हणाली. "तू मुद्दाम केलं नाहीस. झालं ते झालं. मी तुला माफ केलं." धाकटी भिंतीला टेकून उभी होती ती तशीच खाली बसली आणि रडली. पलीकडे ताईही रडली. त्यानंतर दर रविवारी फोन येऊ लागला. लहानपणीसुद्धा दोघी इतक्या बोलल्या नव्हत्या. ताई शाळेतल्या गमती सांगायची, मुख्याध्यापिकेची नक्कल करायची, "जेवणात मीठ कमी घाल, तुलाही बाबांसारखं व्हायचं नाहीये," म्हणून दटावायची. धाकटीला वाटायचं, बाबा जाताना ही एक गोष्ट मागे ठेवून गेले.

आणि प्रत्येक फोनमध्ये कुठेतरी तो मंगळवार यायचा. सुरुवातीला वाक्यापुरता, पुढे पुढे ऐसपैस. ताई मंगळवारी आली असती. बॅग हातातच असती. बाबा म्हणाले असते, "आलीस का महाराणी?" ती म्हणाली असती, "आले. काय करणार आहात?" मग तेच म्हणाले असते, चहा टाक. "त्यांना माझा चहा आवडायचा," ताई सांगायची. "तुझा पाणचट असतो." दर रविवारी त्या मंगळवारात एखादी वस्तू वाढायची. पायपुसणं, खुंटीवरची छत्री, बाबांचा खाकरण्याचा आवाज. होता होता तो मंगळवार इतका भरला, की त्यात माणसाला राहता आलं असतं.

डॉक्टर मधूनमधून यायचे. खिडकीपाशी कुणी नाही हे बघून प्रत्येक वेळी क्षणभर थांबायचे आणि मग बसायचे. एकदा त्यांनी वेगळंच मागितलं. आपल्या आवडीच्या काही कंपन्या एकत्र करून त्यांचा मिळून एकच भाव करायचा आणि त्यावर दिवसाचा नि आठवड्याचा कल दाखवायचा. अशा घरगुती भावाच्या आठवड्याच्या कांड्या प्रोग्रामकडे नसतात. तिने बाबांच्या फाइलसाठी लिहिलेला तुकडा तिथे होताच. तो उचलून जोडला आणि पाठवून दिलं.

पुढच्या शनिवारी डॉक्टर घाम पुसत वर आले. खाली चाक सुरू होतं, ते थांबेपर्यंत ते बोलले नाहीत.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"या सोमवारी मी दिवसभर चार्टसमोर होतो. बाण आला नाही. आज उघडून बघतो, तर सोमवारी बाण." त्यांनी थरथरत्या हाताने फोन पुढे केला. सोमवारी काढलेला फोटो त्यात होता. "तुम्हीच शिकवलंत, म्हणून फोटो काढून ठेवतो आता. माझंच काही चुकत असेल."

तिने फोटो बघितला. मग कोड उघडला. ती ओळ शोधावी लागली नाही. तिथेच होती, साळसूद तोंड करून. आठवडाभराचा आकडा आठवड्याच्या पहिल्या कांडीपासून सगळ्यांना वाटलेला. शिकाऊ पोराने करावी अशी चूक, आणि दुसऱ्याने केलेली तिने ती किती वेळा पकडली असेल.

"तुमचं चुकलेलं नाही," ती म्हणाली. "माझं चुकलंय."

"होतं हो कधीकधी," डॉक्टर म्हणाले. तिचा चेहरा बघून त्यांना आपण आलो याचंच वाईट वाटलं. "एवढं काही नाही. माझं काही नुकसान झालेलं नाही. मी काही घेतलंच नव्हतं."

"हा तुकडा मी आणखी एके ठिकाणी वापरलाय."

"दुसरं गिऱ्हाईक?"

ती नुसती मान हलवत राहिली. ते होकार समजले आणि पाणी पिऊन गेले.

रविवारी सकाळी तिने बाबांची फाइल उघडली. ती ओळ दुरुस्त केली आणि रिप्ले शेवटच्या सोमवारी नेऊन उभा केला. पुढचं सगळं झाकलं गेलं. कोऱ्या पडद्याच्या डाव्या बाजूला बाबा अजून जिवंत होते.

तिने एकेक कांडी उघडायला सुरुवात केली. सोमवार सकाळ, संथ. आंघोळीला गेले तिथे रेषा तुटलेली, पुन्हा जोडलेली. जेवण अर्धं टाकलं तेव्हाही काही नाही. बाण आला नाही. मंगळवारी सकाळ शांत. दुपारी ठोके वाढलेले, ते चावीवाल्याशी पत्ते. हरत असणार, नाहीतर पानं लपवत असणार. ती हसली आणि तिच्याच आवाजाने दचकली. बुधवारी झोप, सपाट. बाण नाही. गुरुवारी सकाळी रेषा उभी राहिली, पण तेव्हा बाणाची गरज कुणालाच नव्हती, सगळे जिन्यात होते. खातरजमा म्हणून तिने ओल्या आठवड्यावरही चालवून बघितलं. बुधवारी एक बाण आला आणि लगेच मावळला. तशी ये-जा वर्षभरात कितीदा तरी होती. धड जेवलेल्या, धड झोपलेल्या दिवसांवरही. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी रेषा संपली. बाबांचा शेवटचा आठवडा बंद झालाच नव्हता. तो बंद झाला असता तर पुढच्या सोमवारी बाण आला असता, एका रिकाम्या खुर्चीसाठी.

इतक्या महिन्यांचं ओझं उतरल्याने जीव भांड्यात पडायला हवा होता. पडलाही असेल. तिला फक्त एवढंच वाटत होतं, की हे ताईला सांगायचं. ताईच्या मनातला राग, माफीखाली दाबून ठेवलेला का होईना, आता निघून जाईल. फोन यायची वाट न बघता तिने स्वतःच लावला.

"अगं, आज तू?" ताईच्या मागे नळ वाहत होता. "सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. ताई, एक सांगायचं होतं. तो बाण चुकीचा होता."

"कुठला बाण?"

"बाबांचा. सोमवारचा."

तिने सांगितलं. चूक कुठली, कुणी पकडली, आज काय बघितलं. सोप्यात सोपं करून सांगितलं. नळ बंद झाला होता.

"म्हणजे सोमवारी काही दिसत नव्हतं?"

"नाही."

"मंगळवारी?"

"मंगळवारीही नाही. गुरुवार उजाडेपर्यंत काहीच नव्हतं. कुणालाच दिसलं नसतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"माझाच कोड आहे. मीच तपासला."

"तेव्हाही तुझाच कोड होता."

"हो, पण..."

"तेव्हा म्हणालीस होता. आता म्हणतेस नव्हता. बरं जमतं गं तुला, अंगावरचं झटकायला."

"झटकत नाहीये मी. खरंच नव्हता, ताई."

"मग मी इतके दिवस माफ कुणाला केलं?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ताई पुन्हा बोलली तेव्हा तिच्या आवाजातली धार गेली होती. राहिलं होतं ते ऐकवत नव्हतं.

"मी आले असते ना गं मंगळवारी. तू म्हणतेस तसं असेल तर मला कुणी बोलावलंच नसतं. मी आलेच नसते. म्हणजे काही केलं तरी ते मला न भेटताच जाणार होते. हो ना? असंच ना?"

समोर रिप्ले उघडा होता. एखाद्या गिऱ्हाइकाने अशी अजिजी केली असती, तर तिने त्याचा हात धरून त्याला कांडीन् कांडी दाखवली असती. तेच तर तिचं काम होतं, लोक त्यासाठीच जिना चढायचे. ती पडद्याकडे बघत राहिली. मंगळवारची रेषा तिथे होती, कुणाच्याही येण्याने न हललेली.

"थांब," ती म्हणाली. "फोन ठेवू नकोस. पुन्हा बघते."

तिने काहीही न बघता दोन-चार कळा दाबल्या, आवाज जावा म्हणून.

"ताई."

"काय?"

"आठवडा रविवारी संपतो असं धरलं मी आज. पट्ट्याचा आठवडा शनिवारी संपतो. माझाच घोळ झाला."

"म्हणजे काय ते नीट सांग."

"म्हणजे आधीचंच बरोबर होतं. सोमवारीच होता बाण."

"नक्की?"

"नक्की."

ताईने सोडलेला श्वास फोनमधून तिच्या कानाला लागला. "वेंधळी आहेस," ताई म्हणाली. "माझ्या छातीत धस्स झालं. असं अर्धवट बघून फोन करत जाऊ नकोस."

"नाही करणार."

"आणि पुन्हा पुन्हा उघडत बसू नकोस ते. झालं ते झालं. मी काही मनात ठेवलेलं नाही, सांगितलंय ना तुला?"

"हो. सांगितलंयस."

मग ताई नाक ओढून म्हणाली, "रात्रीची गाडी मिळाली असती मला. सकाळी दहाच्या सुमाराला पोचले असते. झोपलेले असते का गं ते?"

तिने मंगळवारच्या रेषेवर बोट ठेवलं आणि दहा वाजेपर्यंत सरकवत आणलं.

"नाही," ती म्हणाली. "जागे होते. ठोके अगदी शांत आहेत. दार त्यांनीच उघडलं असतं."